चाळणीतले हिरवे खडे

(दृश्य: पहाटेचा मंद उजेड. नळाखाली धरलेली प्लॅस्टिकची चाळणी आणि तिच्यात वाटाण्याएवढे हिरवट, गुळगुळीत गोळे.)

रात्रभर मळमळ आणि जुलाब सोसून ज्याने हे गोळे चाळणीत धुऊन काढले, त्याला आता कोणी काहीही सांगितले तरी पटणे अवघड आहे. पित्ताशयात खडे आहेत असे सोनोग्राफीच्या अहवालात लिहिले होते, उपाय केला, आणि खडे डोळ्यांसमोर पडले. पुरावा हातात असताना तज्ज्ञाची गरज उरत नाही. पित्ताशयाच्या घरगुती सफाईचे सारे वजन या चाळणीवर पेललेले आहे, म्हणून या चित्रफितीत आपण तीच चाळणी जवळून पाहणार आहोत.

ही कृती जगभर थोड्याफार फरकाने सारखीच आढळते. काही दिवस सफरचंदाचा रस प्यायचा, मग एक दिवस जवळजवळ उपाशी राहायचे, संध्याकाळपासून पाण्यात विरघळवलेल्या एप्सम सॉल्ट या मॅग्नेशियमयुक्त रेचक मिठाचे पेले ठरावीक अंतराने घ्यायचे, आणि झोपण्यापूर्वी ऑलिव्ह तेल व लिंबाचा किंवा पपनसाच्या जातीच्या फळाचा रस एकत्र घुसळून एका दमात पिऊन उजव्या कुशीवर निजायचे. सांगणारे सांगतात की मॅग्नेशियममुळे पित्तनलिका सैल होते, तेलामुळे पित्ताशय जोराने आवळते, आणि खडे अलगद घसरत खाली येतात.

मराठीत या विषयाला एक जादा गुंता आहे, तो ‘पित्त’ या शब्दाचा. घशाशी आंबट आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो, पण तो जठरातल्या आम्लाचा त्रास असतो. यकृतात तयार होणारे आणि पित्ताशयात साठणारे पित्त हा निराळाच द्रव आहे. दुसरा घोटाळा मुतखड्याशी होतो. मुतखड्यासाठी भरपूर पाणी प्या, कुळथाचे कढण घ्या, असे घरोघरी सांगितले जाते, आणि तोच सल्ला पित्ताच्या खड्यांनाही लावला जातो. मात्र मूत्रमार्ग आणि पित्तमार्ग यांचा एकमेकांशी संबंध नाही. मुतखडा बहुधा कॅल्शियमच्या क्षारांचा असतो, तर पित्ताचा खडा बऱ्याचदा कोलेस्टेरॉलचा आणि काही वेळा रंगद्रव्याचा.

(दृश्य: रेखाचित्र. यकृताखाली लपलेली नासपतीच्या आकाराची पिशवी.)

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली छोटी पिशवी असून तिच्यात साधारण ३० ते ५० मिलिलिटर द्रव मावतो, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढा. घरगुती सफाईनंतर वाटीभर, कधी शेकड्यांनी खडे पडल्याचे जे वर्णन ऐकू येते, त्याचा मेळ या आकाराशी घालून पाहावा. पंधरवड्याने तीच कृती पुन्हा केली तर तेवढेच खडे पुन्हा पडतात. पित्ताशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या माणसालाही ते पडतात, आणि मग ते यकृतातले होते असा खुलासा तयार असतो.

ज्या मिठाच्या आधारावर हे सारे चालते त्याचा इतिहास मात्र रंजक आहे. इंग्लंडमधील सरे परगण्यात एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तिथल्या हेन्री विकर नावाच्या गुराख्याच्या जनावरांनी एका डबक्यातील पाण्याला तोंड लावले नाही, कारण ते कडू होते, अशी कथा सांगितली जाते. गुरांनी नाकारलेले ते पाणी पुढे माणसे पोट साफ करण्यासाठी गर्दी करून पिऊ लागली. वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले डॉक्टर निहेमाया ग्रू यांनी १६९५ मध्ये या कडू रेचक मिठावर एक निबंध प्रसिद्ध केला. आज आपण त्या पदार्थाला मॅग्नेशियम सल्फेट म्हणतो. त्याचा प्रत्येक रेणू सात रेणू पाणी घेऊन स्फटिकात बसतो, आणि त्याचे रेचकपण साध्या भौतिक कारणाने येते. आतड्यात ते फारसे शोषले जात नाही, उलट पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी मळासकट बाहेर पडते.

पित्ताशी या मिठाचा काही संबंधच नाही, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल, आणि टीकाकार बरेचदा ही चूक करतात. पित्तनलिका लहान आतड्यात जिथे उघडते तिथे स्नायूंचे एक कडे असते. रुजेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्याने १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. मॅग्नेशियम सल्फेटचे द्रावण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडले तर हे कडे सैल होते, ही कल्पना १९१७ मध्ये मेल्ट्झर या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी मांडली, आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉक्टर लायन यांनी लगेचच तिच्यावर आधारित पद्धत बसवली. रुग्णाच्या नाकातोंडातून बारीक नळी आतड्यापर्यंत उतरवायची, तीतून हे द्रावण सोडायचे आणि परत येणारे पित्त तपासायचे. मॅग्नेशियम सल्फेट कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवायला लावते आणि त्यामुळे पित्ताशय आकुंचन पावते, हे पुढच्या संशोधनातून पुढे आले. म्हणजे ‘नलिका सैल होते आणि पिशवी आवळते’ या वाक्यात तथ्य आहे. चमचाभर तूप घातलेला वरणभात खाल्ला तरी पिशवी आवळतेच, ही त्यातली न सांगितली जाणारी बाजू.

प्रश्न खड्याच्या वाटेचा आहे. पित्ताशयातून निघणारी नलिका अरुंद असून तिच्या आतल्या अस्तराला मळसूत्रासारख्या वळ्या असतात. तिच्यापुढची मुख्य पित्तनलिका साधारण सहा मिलिमीटर रुंदीची. मोठा खडा या वाटेला येतच नाही, आणि बारीक खडा आला तर तिथेच खरी भीती असते. तो मुख्य नलिकेत अडकला की कावीळ होते, थंडी वाजून ताप भरतो, आणि स्वादुपिंडाच्या नलिकेचे तोंड बंद झाले तर स्वादुपिंडाचा दाह होतो, जो जिवावर बेतू शकतो. पित्ताशय मुद्दाम जोराने आवळायला लावणे हे खडे असलेल्या माणसासाठी म्हणूनच निरुपद्रवी नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या बशीत हिरवे गोळे.)

मग चाळणीत जे येते ते काय असते? न्यूझीलंडमधील दोन संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला, आणि त्यांचे उत्तर २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चाळीस वर्षांच्या एका स्त्रीने अशी सफाई केली होती. दिवसभर फळांच्या व भाज्यांच्या रसावर राहून संध्याकाळनंतर तिने ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस काही तासांत घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पडलेले हिरवे खडे जपून ठेवले. तपासणीत त्यांना स्फटिकरचना आढळली नाही. कोलेस्टेरॉल नव्हते, बिलिरुबिन हे पित्तातले रंगद्रव्य नव्हते, कॅल्शियमही नव्हते. तीन चतुर्थांश भाग स्निग्धाम्लांचा, म्हणजे तेलातून सुटणाऱ्या आम्लांचा, होता, आणि चाळीस अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवताच त्या खड्यांचे हिरवे तेल झाले.

विदर्भातल्या मे महिन्यात हे खडे सावलीत ठेवलेल्या बशीतसुद्धा टिकले नसते.

त्या संशोधकांनी पुढचे पाऊलही टाकले. ऑलिव्ह तेलातील मुख्य घटक असलेले ओलेइक आम्ल आणि लिंबाचा रस समप्रमाणात घेऊन त्यात थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साबणाला लागणारा क्षार, घातले, तेव्हा भांड्यातच पांढरे मऊ गोळे तयार झाले, आणि हवेवर वाळल्यावर ते चांगले कडक झाले. तेल आणि क्षार एकत्र आले की साबण होतो, हे साबणाच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. पोटात पाचकरसांमुळे तेलातील स्निग्धाम्ले सुटी होतात, रसातील पोटॅशियमशी त्यांची गाठ पडते, आणि पित्ताच्या रंगाने तो साबण हिरवा होतो. चाळणीतील पुरावा पोटात आधीपासून नव्हता, तर आदल्या रात्रीच्या पेल्यातून तयार झाला.

आता मॅग्नेशियमच्या मात्रेकडे वळू. या कृतीत सर्रास सांगितले जाणारे चार मोठे चमचे एप्सम सॉल्ट वजनाने साठ ग्रॅमच्या आसपास भरते. त्याचा सुमारे दहावा भाग मॅग्नेशियम असतो, म्हणजे एका रात्रीत सहा ग्रॅम, तर प्रौढ माणसाची रोजची गरज अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. निरोगी माणसात त्यातले बरेचसे जुलाबावाटे निघून जाते आणि शोषलेले मूत्रपिंडे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे कमजोर असतील, आणि मधुमेही वा वृद्ध माणसांत ती नकळत कमजोर झालेली असू शकतात, तर रक्तातील मॅग्नेशियम चढत जाते. रक्तदाब उतरतो, गुंगी येते, श्वास मंदावतो. प्रसूतिकक्षात झटके रोखण्यासाठी हेच औषध इंजेक्शनाने देतात, तेव्हा परिचारिका दर काही वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहते, लघवीचे माप ठेवते, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवते. घरी पेला रिकामा करणाऱ्याच्या शेजारी यातले काहीच नसते.

भारतातीलच एक उदाहरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. पित्तखडे विरघळावेत म्हणून ३८ वर्षांच्या एका पुरुषाला निसर्गोपचारकाने रोज तीन मोठे चमचे एप्सम सॉल्ट कोमट पाण्यातून पंधरा दिवस घ्यायला सांगितले होते. भूक गेली, लघवी गडद झाली, आणि मग कावीळ झाली. यकृताच्या तुकड्याच्या तपासणीत पेशींचा मोठा नाश दिसला. मीठ थांबवल्यावर तो बरा झाला.

(दृश्य: कापसाचे शेत, लालसर पडलेली पाने.)

आपल्याकडे हा पदार्थ सर्वात सहज मिळतो तो कृषी सेवा केंद्रात. कपाशीवर लाल्या पडू लागला की मॅग्नेशियम सल्फेट फवारण्याची शिफारस असते, आणि ते अगदी योग्य आहे. शेतासाठी भरलेली ती पिशवी पोटात घेण्याच्या शुद्धतेची नसते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. काही ठिकाणी एप्सम सॉल्टचे भाषांतर ‘सैंधव’ असे केलेले दिसते. तेही चूक आहे. सैंधव म्हणजे खाणीतले खायचे मीठ, सोडियम क्लोराइड.

मॅग्नेशियम आणि पित्तखडे यांच्यात एक संबंध खरोखर आढळला आहे, पण तो पेल्यातला नाही. अमेरिकेतील आरोग्यव्यवसायात काम करणाऱ्या बेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांचा १९८६ पासून अनेक वर्षे मागोवा घेतला गेला. ज्यांच्या आहारात मॅग्नेशियम अधिक, त्यांच्यात त्रास देणाऱ्या पित्तखड्यांचे प्रमाण कमी, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले. अशा निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, शिवाय त्यात झालेले खडे विरघळल्याची गोष्ट नाही. तरी ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, शेंगदाणे, तीळ आणि हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्याला या निष्कर्षाची काळजी करण्याचे कारण नाही.

ज्यांचे खडे काहीच त्रास देत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनाही कळ येते आणि काही तासांनी आपोआप जाते, मग कित्येक महिने शांतता असते. याच शांततेचे श्रेय सफाईला मिळते. कोलेस्टेरॉलचे बारीक खडे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने विरघळू शकतात, पण त्याला अनेक महिने लागतात आणि औषध थांबल्यावर बऱ्याच जणांना खडे पुन्हा होतात. वारंवार कळा येणाऱ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा रुळलेला मार्ग आहे. भारतात ती पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उदवाडिया यांनी केली. कळ थांबत नसेल, डोळे पिवळे दिसू लागले असतील किंवा थंडी वाजून ताप आला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

(दृश्य: सोनोग्राफीची अंधारी खोली. पडद्यावर राखाडी पिशवी.)

सफाईनंतरची खरी तपासणी याच खोलीत होते. पित्ताशय पडद्यावर काळसर पिशवीसारखे दिसते. खडा असेल तर तो पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे गडद सावली पडते. तपासणारे डॉक्टर रुग्णाला म्हणतात, “आता डाव्या कुशीवर वळा.” रुग्ण वळतो, आणि पिशवीतला खडाही त्याच्याबरोबर घरंगळून दुसऱ्या बाजूला जातो.