तोरणाबाहेरचा बैल

मंडळी, राम राम.

काल खांदमळणी झाली, आज पोळा, उद्या पोरांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी माळ्यावरून खाली आले असतील. अशा दिवशी मला विषय मिळाला आहे जगभरातल्या मुलांच्या हक्कांचा. जगाचं थोडक्यात सांगतो, मग गावात येतो.

20 नोव्हेंबर 1989 रोजी संयुक्त राष्ट्रसंघानं बालहक्कांचा करार मंजूर केला. 54 कलमं. भारत त्यात 1992 साली सामील झाला. जवळपास सगळं जग त्यात आहे. अमेरिकेनं तेवढी 1995 साली सही केली आणि कागद अजून पक्का केला नाही. इतरांना शिकवणाऱ्याचं घर असंच असतं. या करारातलं दुसरं कलम लक्षात ठेवा. दुसरं कलम. मुलाचा किंवा त्याच्या आईबापाचा वंश, रंग, भाषा, धर्म, पैसाअडका, जन्म काहीही असो, मूल मुलगा असो की मुलगी, धडधाकट असो की अपंग, हक्क सारखेच. त्यात जात हा शब्द नाही. जन्म हा आहे. आपल्याला तेवढा पुरे.

आता माझी गोष्ट. 2010 चा तान्हा पोळा. मारुतीच्या पारासमोर तोरण बांधलेलं, पोट्टे रांगेत, आणि नावं लिहायला मी, गावचा मास्तर, खुर्ची टाकून बसलेलो. नंदी तेव्हा बेताचे असत. हल्ली पोरापेक्षा बैल मोठा, बक्षीस खरं तर बापाच्या खिशाला. आणि तो डीजे! लाकडाचे बैलसुद्धा बुजतील.

तर नाल्यापलीकडच्या बेड्यावरचं एक पोरगं आलं. पारध्यांचा बेडा, म्हणजे त्यांची वस्ती. हातात मातीचा बैल, नाल्यातल्या काळ्या मातीचा, अजून ओलाच. शिंगांना बाभळीचे दोन काटे. म्हणे, "गुरुजी, माहं बी नाव लिहा ना."

शेजारून कोणीतरी म्हणालं, "वर्गणी गावाची हाये." माझ्या हातात पेन होता, मंडळी. वहीत जागाही होती. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पाहू." पोरगं काही बोललं नाही. तोरणाच्या बाहेर, रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं, बैल दोन्ही हातांवर धरून. उभ्या उभ्या त्या बैलाचा एक पाय गळून पडला. पोरगं तो उचलून थुंकी लावून परत चिकटवू लागलं. मी पुढचं नाव लिहिलं.

पुढल्या साली शाळा उघडली तेव्हा त्याची आजी त्याला घेऊन आली. मी म्हटलं, जन्माचा दाखला आणा. बाई आल्या पावली गेली. आमच्या शाळेत एक नव्या मॅडम होत्या. त्यांनी शिक्षण हक्क कायदा माझ्या टेबलावर ठेवला, चौदाव्या कलमावर बोट ठेवून. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पुन्हा सांगतो, पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी अडवता येत नाही. वेचणीला, वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू होता. म्हणजे पारावर मी यादी घेऊन बसलो तेव्हाही होताच.

मग आम्ही दोघं बेड्यावर गेलो. या लोकांवर इंग्रजांच्या काळात कायद्यानंच जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा 1952 साली गेला, तरी दारात अनोळखी माणूस दिसला की बाया आधी पोरं आत घेतात. आजीनं बाज टाकून दिली.

आता जन्मतारीख. आमच्या पिढीच्या मास्तरांचा हातखंडा म्हणजे सरळ 1 जुलै लिहायचं. अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जुलैला, माझाही. पण मॅडम हटून बसल्या. आजीला विचारलं, काही आठवतं का?

आजी म्हणाली, "आठवत नाही तं का? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. बेड्यात पानी शिरलं होतं, मी त्याले डोक्यावर घेऊन उभी होती."

मी बाजेवर बसलो होतो, तो उठून उभा राहिलो. घरी जुन्या पंचांगात तारीख शोधली आणि दुसऱ्या दिवशी दाखलखारीज रजिस्टरात लिहिली.

(हो, जाता जाता: मूल अडचणीत दिसलं तर 1098. फोनला पैसे लागत नाहीत. एक, शून्य, नऊ, आठ.)

त्या साली तान्ह्या पोळ्याला यादी पुन्हा माझ्याकडेच होती. पहिली ओळ मी त्याच्यासाठी कोरी ठेवली. तोरण सुटलं तरी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "काहून रे, औंदा बैल नाही केला?"

"केला ना गुरुजी. बेड्यावरच फिरवला."