पहिलीच्या आधी

(दृश्य : कोसबाडची टेकडी, मग पाड्यावरचं अंगण)

मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकतं, तोवर त्याचं निम्मं शिक्षण होऊन गेलेलं असतं, हे पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडनं फार लवकर ओळखलं होतं.

१९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. ताराबाईंच्या पाठीशी भावनगरचा, गिजुभाई बधेकांबरोबरच्या बालमंदिराचा अनुभव होता. पण इथली मुलं बालवाडीत येईनात. आईबाप मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरायचं काम त्यांचंच. मग बालवाडीच उठून पाड्यावर गेली. झाडाखाली, कुणाच्या तरी अंगणात भरू लागली. हीच आपली अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, खडे आले.

(दृश्य : चिंचोके वेचणारे हात, जवळून)

या मुलीचे हात पाहा. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत एकेक चिंचोका धरून ती वाटीत टाकतेय. पुढे पेन्सिल पेलायची ती याच चिमटीत. टाकताना ती मोजतेही आहे, एका चिंचोक्याला एक आकडा. आणि आपली पाळी येईपर्यंत थांबलीय. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला हे थांबणं किती जड जातं, ते घरात लहान मूल असलेल्यांना विचारा!

भाषेचंही तसंच. घरी वारली बोलणाऱ्या मुलाशी बाई आधी त्याच्याच बोलीत बोलल्या, गाणी म्हटली, तर पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटत नाही. नाहीतर पहिलीत ते नुसतं गप्प बसतं आणि आपण त्याला ‘कच्चं’ ठरवतो.

शहरात मात्र तिसऱ्या वर्षीच रेघांच्या वह्या भरून घेतात. त्या वयात मनगटाची हाडंसुद्धा पुरती घडलेली नसतात. ही घाई थांबायलाच हवी.

पुढे ताराबाईंचं हे काम बोर्डीहून कोसबाडला गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा सलग टप्पा मानला, तो कितीतरी नंतर.

(दृश्य : अंगणवाडी, वजनकाटा, रजिस्टरं)

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज सेविकाताई मुलांची वजनं घेतात, आहार वाटतात, गृहभेटी करतात, नोंदी भरतात. शिकवणं होतं ते उरलेल्या वेळात. मुलं तयार होऊन शाळेत यावीत असं वाटत असेल, तर ताईंच्या दिवसातले निदान दोन तास फक्त मुलांसाठी राखून द्या.