रिकी लँबर्ट: चौतीसपैकी चौतीस

१४ ऑगस्ट २०१३. वेम्बली स्टेडियम, फुटबॉलची मॅच, समोर स्कॉटलंड, स्कोअर २-२. रूनी बाहेर जातोय आणि त्याच्या जागी हा धिप्पाड गडी आत येतोय, वय ३१ आणि इंग्लंडसाठी ही त्याची पहिलीच मॅच. तीनेक मिनिटं होतात, बेन्सचा कॉर्नर येतो, हा उडी मारतो आणि हेडर थेट जाळ्यात! इंग्लंडच्या शर्टात बॉलला झालेला हा त्याचा पहिलाच टच. इंग्लंड ३-२ ने जिंकलं.

हा रिकी लँबर्ट. लिव्हरपूलच्या शेजारच्या कर्बीचा पोरगा, लहानपणापासून लिव्हरपूलच्याच अकॅडमीत, आणि १५ व्या वर्षी क्लबने सांगितलं की आता तू नकोस. पुढे ब्लॅकपूलनेही सोडलं. मग मॅकल्सफिल्डकडे प्रॅक्टिसला जायचा पण पगार काही नाही, म्हणून बीटच्या कारखान्यात काम धरलं. बीट भरलेल्या बरण्या समोरून येत राहणार आणि याने झाकणं फिरवत बसायचं, दिवसाचे २० पौंड.

रिकीचं नाव निघालं की ही बरणीची गोष्ट येतेच, आणि खरं सांगायचं तर तिचा जरा अतिरेकच झालाय. कारण खरी वर्षं गेली ती त्यानंतर. स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, सगळे खालच्या डिव्हिजनचे क्लब. २००८-०९ मध्ये रोव्हर्ससाठी लीगमध्ये २९ गोल मारले तरी वरच्या क्लबांचं एकच पालुपद, स्लो आहे.

स्लो तर होताच, त्यात वाद नाही. पण त्याचा गेम पायांच्या स्पीडवर चालतच नव्हता ना. गोलकडे पाठ करून डिफेंडरला अंगावर घ्यायचा, बॉल छातीवर उतरवायचा आणि मागे न बघता विंगरला असा पास द्यायचा की मिडफिल्डरने हेवा करावा. फ्री किकही तोच मारायचा.

२००९ मध्ये साउथॅम्प्टनने त्याला घेतलं. क्लब नुकताच दिवाळखोरीच्या तोंडातून बाहेर आलेला, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि तेही उणे १० पॉइंट्सपासून सुरुवात. मॅनेजर अ‍ॅलन पार्ड्यूने फिटनेसवरून त्याला चांगलंच फैलावर घेतलं आणि ते कामी आलं बरं का. पहिल्याच सीझनला लीगमध्ये ३० गोल, पुढच्या वर्षी प्रमोशन म्हणजे एक डिव्हिजन वर, त्याच्या पुढच्या वर्षी २७ गोल आणि परत प्रमोशन, थेट सगळ्यात वरची प्रीमियर लीग! तिथली पहिली मॅच चॅम्पियन मँचेस्टर सिटीच्या घरात. हा बेंचवर होता, दुसऱ्या हाफमध्ये आला आणि गोल मारला. टीम ३-२ ने हरली, पण त्या सीझनला याचे १५ गोल झाले, स्लो म्हणणारे तेव्हा कुठे होते कोण जाणे.

आणि पेनल्टी! साउथॅम्प्टनसाठी ३४ मारल्या, ३४ च्या ३४ आत. भलेभले स्टार वर्षाला एखादी तरी घालवतात, म्हणून माझ्या मते त्याचा सगळ्यात भारी आकडा हाच.

२०१४ मध्ये लिव्हरपूलने साधारण ४० लाख पौंड देऊन त्याला घरी परत बोलावलं. ज्यांनी पोरवयात काढलं त्यांचाच शर्ट, याहून काय पाहिजे? पण मॅच बघितल्या तर चित्र वेगळंच. टीम वेगाने पळणाऱ्यांची, याला बहुतेक वेळ बेंच, लीगमध्ये अख्ख्या सीझनचे २ गोल. मनाने घेतलेला निर्णय होता, फुटबॉलच्या हिशोबाने साउथॅम्प्टनला थांबायला हवं होतं असंच वाटतं. पण कर्बीच्या पोराला हे कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो ऐकणार थोडाच?

पुढे वेस्ट ब्रॉम, मग कार्डिफ, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये रिटायर. इंग्लंडसाठी ११ मॅच, ३ गोल. साउथॅम्प्टनसाठी ११७ गोल.