रस्ता वर, उंबरा खाली

(सकाळ. गल्लीचं दृश्य. कॅमेरा एका ओट्यापाशी थांबतो.)

या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आता एकच दिसते. बाकीच्या दोन काँक्रीटखाली गेल्या.

हे खानदेशातलं एक तालुक्याचं गाव, आणि ही जुन्या गावठाणातली गल्ली. दोन्ही बाजूंना ओट्यांची घरं, काही अजून धाब्याची. मी इथेच वाढलो. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा तुडवत शाळेत गेलो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी रस्त्याचं काम सुरू झालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले, ते मीही खाल्ले. रस्ता सगळ्यांना हवाच होता.

मग पहिला मोठा पाऊस झाला, आणि पाणी गटारीत न जाता उंबरा ओलांडून घरात शिरलं.

"आमले रस्ता जोयजे, पन पानी घरमा नको." इथल्या कुठल्याही ओट्यावर बसा, हेच कानावर पडतं.

(रस्त्याची कड, जवळून. काँक्रीटच्या थराखाली डांबराची काळी रेघ.)

ही काळी रेघ नीट बघा. हा जुना डांबरी रस्ता. तो उखडून काढायला हवा होता. तो तसाच ठेवून वर काँक्रीट ओतलं, आणि रस्ता तेवढा उंच झाला. काँक्रीटच्या रस्त्याला मधून कडेला साधारण दोन टक्के उतार देतात, म्हणजे मीटरमागे दोन सेंटीमीटर. तो उतार इथे आहे. पण उतारावरून आलेल्या पाण्याने जायचं कुठे? गटारीचं तोंड काँक्रीटने अर्धं बुजलंय, आणि कडेला सगळ्यात खोल जागा उरली ती घराचीच. रस्ता कागदावर बरोबर असेल. पण आखताना कुणी उंबऱ्याची उंची मोजली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

काम झालं तेही भर वैशाखात. इथला उन्हाळा कसा असतो ते खानदेशी माणसाला सांगायला नको. पारा 45 च्या आसपास असतो. अशा उन्हात ओल्या काँक्रीटमधलं पाणी भराभर उडतं आणि वरचा थर तडकतो. म्हणून ओली पोती टाकून किंवा वाफे करून ते निदान चौदा दिवस भिजतं ठेवावं लागतं. ज्या गावात नळाला पाणी आलं की माणसं कामं टाकून घरी पळतात, तिथे रस्त्याला दोन आठवडे पाणी कुठून आणायचं, याचा विचार काम सुरू करण्याआधी व्हायला हवा. या भेगा त्याच उन्हाळ्यातल्या आहेत.

(गतिरोधक. एक म्हातारी काठी टेकत बाजूने जाते.)

आता हा गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिच्या 1988 च्या मानकात गोलाकार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद आहे, म्हणजे गाडी त्यावर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. चाळीस मीटर आधी सूचनाफलक लागतो, अंगावर पांढरे पट्टे लागतात. आमच्याकडे पाऊलभर रुंदीचा उभा उंचवटा आहे. ना फलक, ना पट्टा. दिवसभरात रिक्षातून दवाखान्यात जाणारी गरोदर बाई, शेतातून परतणारं ट्रॅक्टर, सायकलवरची पोरं, सगळेच त्यावर आदळतात. वेग कमी करायचाच आहे, त्याबद्दल वाद नाही. शाळा समोरच आहे.

आणि रस्त्याच्या मधोमध हा चेंबर. झाकण काँक्रीटच्या खाली राहिलंय, म्हणून इथे खोलगट खड्डा झालाय. पाऊस पडला की तो दिसत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. सोमवारी विसर्जनाला बाया तिला डोक्यावर घेऊन, अनवाणी, नाचत याच गल्लीतून नदीकडे निघतात. नजर रस्त्यावर नसते, कानबाईवर असते. यंदा त्या चेंबरवर गल्लीतल्या पोरांनी फळी टाकली आणि मिरवणूक जाईपर्यंत दोघं तिथे उभे राहिले. मला ते बघवलं नाही. रस्ता नवा, आणि राखण माणसांनी करायची.

(टेबलावर अर्ज. हात सही करतो.)

लोक गप्प बसलेले नाहीत. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कागदच मिळतात असं नाही. चालू कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे नमुने घ्यायचा हक्कही त्यात आहे. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची. गल्लीने अंदाजपत्रक मागितलंय, आणि जुना थर काढायचं त्यात लिहिलं होतं का, हेही विचारलंय.

(पलीकडची गल्ली. एक गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतोय.)

इथे काम अजून सुरू व्हायचंय. आमच्या गल्लीतल्या गवंडी आप्पांनी पाण्याची नळी आणलीय, लेव्हल बघायची. एक टोक उंबऱ्याशी धरायचं, दुसरं समोरच्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी थांबतं तिथे गेरूने रेघ मारायची. पोरं टोक धरतात, बाया दारातून सांगतात, कुठल्या पावसात पाणी कुठवर आलं होतं. एकेका घराची रेघ होत चाललीय. रस्ता या रेघेच्या खाली राहायला हवा, एवढं मागणं घेऊन उद्या सगळे अभियंत्याकडे जाणार आहेत. भिंतींचे फोटो सोबत नेणार आहेत.

आप्पा नळी उचलतात आणि पुढच्या दाराशी जातात.