विंचवाच्या रात्री आणि महाडचे डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार. आज १ जुलै, डॉक्टर दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्मदिवस हाच आणि स्मृतिदिनही हाच. मी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. त्यामुळे आजच्या दिवशी मला आठवतात ते महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर.

तसे ते मूळचे इकडचे नव्हेत. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला शिकलेले. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले आणि पुढे आमच्याच मातीचे झाले.

लाल विंचू म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कौलांच्या फटीत, जांभ्याच्या गडग्यात, लाकूडफाट्यात तो असायचाच. भातकापणीत पेंढी उचलताना बोटाला डंख व्हायचा. आधी मांत्रिकाकडे नेत, मग डोलीतून आमच्याकडे आणत. तोवर अंग घामानं निथळत असायचं, उलट्या थांबत नसत, हातपाय गारठून गेलेले. काही तासांत छाती घरघरू लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा, आणि मघाशी बोलणारा माणूस डोळ्यांदेखत जायचा. विष असं अंगभर चढलं की शंभरातले तीस-चाळीस दगावत. त्यात लहान मुलं फार.

हा आजार गावाकडचा, गरिबांचा. त्यामुळे नेमकं काय करावं हे आमच्या डॉक्टरांना कुठल्या पुस्तकात सापडत नव्हतं. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसले. रात्र रात्र नाडी, रक्तदाब, घाम, हृदयाचे ठोके टिपत राहिले. त्यातून उलगडत गेलं, की या विषानं शरीरातलीच ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात एकदम उसळतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मरण यायचं ते हृदयाच्या वाटेनं. बिरवाडी-महाडच्या खाटांवरची ही निरीक्षणं १९८२ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

मग सापडली प्राझोसिन. रक्तदाबावरची गोळी, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी. १९८६ साली तीही हकिगत 'लॅन्सेट'मध्ये आली. तोंडानं द्यायची, स्वस्त गोळी! मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. आमच्याकडे रात्री वीज नसायची, सलाइनची बाटली भिंतीतल्या खिळ्याला टांगायची. तिथं मोठ्या यंत्राचा उपचार काय कामाचा? ही गोळी मात्र आमच्या कपाटात मावली. गोळी वेळेवर पोटात गेली की मृत्यूंचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

डॉ. प्रमोदिनी बावस्कर, त्यांच्या पत्नी, यांचंही नाव घ्यायलाच हवं. पुढच्या कामात त्या बरोबरीनं होत्या. विंचवाच्या विषावरची प्रतिलस, म्हणजे विषाचा उतारा, आल्यावर दोघांनी ७० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसती प्राझोसिन दिली, निम्म्यांना जोडीला प्रतिलसही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या गोळीवर ३५ पैकी ८, प्रतिलसीसह ३५ पैकी ३२. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं छापलं. २०२२ मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा जुन्या परिचारिकांना घरात सण असल्यासारखं वाटलं.

आणि हे ज्ञान रुग्णापर्यंत नेलं कुणी? दर थोड्या वेळानं उठून रक्तदाब बघणाऱ्या परिचारिकांनी, मध्यरात्री दार उघडणाऱ्या शिपायांनी, घाटात जीप हाकणाऱ्या चालकांनी. त्यांची नावं कुठं छापून आली नाहीत, म्हणून त्यांना आज इथून नमस्कार करते.

जाता जाता एक सांगते. विष चढलेल्या मुलाला डंखाच्या जागी फारसं दुखत नसे. ते नुसतं गार, घामेजलेलं, गप्प पडून राहायचं. औषध लागू पडलं, हातपाय ऊबदार झाले, की मग ठणका सुरू व्हायचा आणि पोर टाहो फोडायचं. आई घाबरून धावत यायची, "बाई, जास्त झालं का हो त्याला?"

मी म्हणायचे, "अगं, रडू दे त्याला. वाचला तो."