टेप घेऊन मोजलेला भेदभाव

१९९३च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, नॅन्सी हॉपकिन्स जीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. झेब्राफिश या इवल्याशा माशांवर त्यांचं संशोधन सुरू होतं. टाक्या ठेवायला त्यांना आणखी २०० चौरस फूट जागा हवी होती. मागून मागून थकल्या, जागा काही मिळेना.

मग त्यांनी टेप घेतली. रात्री इमारतीत सामसूम झाली की एकेक प्रयोगशाळा मोजायची, आकडा टिपून ठेवायचा. हिशेब असा निघाला: त्यांच्याकडे १,५०० चौरस फूट, त्यांच्या बरोबरीच्या पुरुष प्राध्यापकांकडे ३,००० ते ६,०००. नव्यानं रुजू झालेल्या पुरुषांकडेसुद्धा २,०००.

शिक्षणसंस्थांमध्ये असा भेदभाव करायला १९७२पासून कायद्यानंच बंदी होती. पण कायदा पाळला जातोय का, हे फारसं कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

१९९४मध्ये विज्ञान शाखेत कायम नेमणुकीचे पुरुष प्राध्यापक दोनशेच्या घरात होते, आणि स्त्रिया अवघ्या १५. या स्त्रिया एकत्र आल्या, डीन रॉबर्ट बर्गेनो यांना भेटल्या. समिती बसली. पगार, जागा, महत्त्वाच्या निर्णयांतला सहभाग, सगळं तपासलं गेलं.

समितीला एक विलक्षण गोष्ट आढळली. तरुण प्राध्यापिकांची फारशी तक्रारच नव्हती. भेदभाव मागच्या पिढीबरोबर संपला, असं त्यांना वाटत होतं. ज्येष्ठ प्राध्यापिकांनाही तरुणपणी अगदी असंच वाटलं होतं! ‘तुम्ही समाधानी आहात का?’ एवढंच विचारून धोरणाची पारख होत नाही, ती यामुळेच.

१९९९मध्ये अहवाल जाहीर झाला. हा भेदभाव नुसता समज नाही, बहुतांशी वास्तवच आहे, हे संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी लेखी मान्य केलं. त्याला धैर्य लागतं.

पगार सुधारले, जागा मिळाल्या, नेमणुका वाढल्या. २०११मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा प्राध्यापिकांची संख्या बरीच वाढलेली दिसली. पण प्रत्येक समितीवर एक तरी स्त्री हवी, या चांगल्या हेतूनं केलेल्या नियमाचा भार त्यांच्यावरच पडत होता. समित्या ढीगभर, प्राध्यापिका मोजक्या. त्याच त्या जणी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत, आणि संशोधनाचे तास तिकडेच खर्ची. शिवाय ‘बाई म्हणून नेमली’ ही कुजबुज होतीच. नेमणुकांच्या तक्त्यात यातलं काहीच दिसलं नसतं. प्राध्यापिकांना समोर बसवून विचारलं, तेव्हा ते कळलं.