हॉलसाहेबांची औषधाची पिशवी

(दृश्य : पहाटेचं मुंबई बंदर. निवेदन सुरू.)

११ फेब्रुवारी १८१३. कलकत्त्याहून आलेलं जहाज मुंबईला लागलं आणि त्यातून ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी आलेली तीन अमेरिकन माणसं उतरली. सॅम्युएल नॉट, त्यांची पत्नी रोक्साना, आणि गॉर्डन हॉल. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात वाढलेले.

त्यांना इथे कुणी बोलावलं नव्हतं. उलट कंपनी सरकारनं त्यांना देशाबाहेर जायचा हुकूम काढला होता. कंपनीला मिशनरी नकोच होते, त्यात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये तेव्हा लढाई जुंपली होती. मुंबईतही मुक्काम टिकेना. एकदा तर कुणाला न सांगता जहाजात बसून दोघे पुरुष कोचीनपर्यंत गेले, तिथे अडवले गेले आणि पुन्हा मुंबईला आणले गेले. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांना त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली, तेव्हा कुठे राहू दिलं.

(दृश्य : जुन्या मराठी छपाईची पानं, खिळे, शाईचा रूळ.)

राहिले, म्हणजे आधी मराठी शिकले. शास्त्रीबुवांसमोर बसून मुळाक्षरांपासून. मग शाळा काढल्या. १८१६ मध्ये छापखाना आला आणि मराठी मजकूर छापला जाऊ लागला. दिवसाचा मोठा भाग भाषांतरात जाई, उरलेला रस्त्यावर, तळ्याकाठी, देवळाच्या आसपास, लोकांशी बोलण्यात.

ते बोलणं लोकांना रुचत होतं असं नाही. आपल्या देवाधर्मावर परक्या माणसानं केलेली टीका कुणाला गोड लागेल? लोक वाद घालत, उठून जात. तेरा वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या शिकवणुकीशी आपण सहमत असू किंवा नसू, आज मला सांगायचंय ते त्यांच्या घराबद्दल आणि त्यांच्या पिशवीबद्दल.

घर सुरुवातीपासून दुःखाचं होतं. त्यांचे सोबती सॅम्युएल न्यूएल मुंबईला पोहोचले ते एकटे. त्यांची पत्नी हॅरिएट १८१२ मध्येच मॉरिशसला वारली होती, एकोणीस वर्षांची. त्यांची तान्ही मुलगी तिच्याही आधी गेली होती. नॉट दांपत्य १८१५ मध्ये आजारपणामुळे परत गेलं. १८१६ च्या डिसेंबरात हॉल यांनी मार्गारेट लुइस या मुंबईतल्या इंग्रज तरुणीशी लग्न केलं आणि परमुलखात त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड झालं.

(दृश्य : मुंबईची जुनी चित्रं. गल्ल्या, विहिरी, पाणवठे.)

मग आली पटकी. आपल्याकडे तिला मोडशी, महामारी असंही म्हणत. १८१७ मध्ये बंगालात उठलेली साथ पुढच्या वर्षी मुंबईत पोहोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर, असे ते दिवस. पाण्यातून रोग पसरतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. औषध म्हणून कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याची पूड, आणि अफूचा अर्क देत. त्यानं माणूस वाचेलच अशी खात्री नव्हती, पण कुणीतरी उशाशी बसून चमचाभर औषध पाजतंय, एवढाच काय तो आधार. मे १८२१ मध्ये न्यूएलही मुंबईत पटकीनंच गेले.

हॉल मागे राहिले. १८२५ पर्यंत मुलांची तब्येत इतकी ढासळली, की त्यांना इथल्या हवेतून हलवणं भाग पडलं. अमेरिकेला जायचं ठरलं. पण हाती घेतलेलं काम सोडून निघणं हॉल यांना पटेना. जुलैच्या अखेरीस मार्गारेटबाई दोन मुलांना घेऊन जहाजात बसल्या, आणि ते धक्क्यावर थांबले.

(दृश्य : कसारा घाट, नाशिककडे जाणारी वाट. उन्हाळ्याची सुरुवात.)

मार्च १८२६. हॉल नाशिकच्या दौऱ्यावर गेले. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे, पुस्तकं, आणि औषधाची पिशवी. नाशिकात पटकी पेटलेली होती. पुस्तकं बाजूला राहिली, हॉलसाहेब आजाऱ्यांच्या दारोदार फिरले. पिशवी जवळजवळ रिकामी झाली, तेव्हा १८ तारखेला परतीला लागले.

१९ च्या रात्री वाटेतल्या एका गावात त्यांनी देवळाच्या ओवरीत चटई टाकली. तिथे आधीच आजारी माणसं पडलेली होती. दूर जाऊन दुसरीकडे निजता आलं असतं का, कोण जाणे. ते तिथेच निजले. पहाटे चारच्या सुमारास पुढे निघायला म्हणून उठले आणि रोगानं त्यांनाच धरलं. पिशवीत शिल्लक होतं ते थोडंसं औषध घेतलं, तेही पोटात ठरलं नाही. त्याच दुपारी ते गेले. वय एक्केचाळीस. बरोबरच्या त्या दोघा ख्रिस्ती मुलग्यांनी खड्डा खणला आणि पेटीशिवायच त्यांना मातीत ठेवलं.

ज्या भाषांतरावर त्यांचे दिवस खर्ची पडले होते, तो बायबलमधला नवा करार मराठीत त्याच वर्षी मुंबईत छापून पूर्ण झाला.

(दृश्य : उघडा समुद्र. क्षितिजावर एक शीड.)

आणि मार्गारेटबाई? त्यांचा थोरला मुलगा वाटेतच, बोटीवर वारला होता. धाकट्याला घेऊन त्या अमेरिकेला पोहोचल्या. तेव्हा पत्राला तिथून इथे यायला चार-चार, पाच-पाच महिने लागत. एक बातमी अमेरिकेहून मुंबईला यायची होती. दुसरी मुंबईहून अमेरिकेला जायची होती.